विलीनीकरणाच्या लाटा, उद्योगसंस्थांच्या

एका कंपनीने आपले स्वतंत्र अस्तित्व सोडून दुसऱ्या कंपनीत सामावून जाणे म्हणजे विलीनीकरण, आणि एका कंपनीने दुसरीचे पुरेसे भाग विकत घेऊन तिचा कारभार आपल्या हाती घेणे म्हणजे संपादन होय. कायद्याच्या दृष्टीने हे दोन व्यवहार भिन्न असले, तरी उद्योगाची मालकी थोड्या हातांत एकवटणे हा परिणाम दोहोंतही सारखाच असतो. हे व्यवहार दरवर्षी ठराविक प्रमाणात होत नाहीत. कित्येक वर्षे ते तुरळक असतात. मग चारपाच वर्षांच्या अवधीत त्यांची एकच गर्दी होते आणि ती ओसरली की पुन्हा दीर्घकाळ सामसूम असते. या गर्दीला अर्थशास्त्रात ‘लाट’ अशी संज्ञा रूढ झाली आहे.

अमेरिकेतील अशा लाटांचा आकडेवारीनिशी पद्धतशीर अभ्यास राल्फ नेल्सन यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळतो. तेथील पहिली मोठी लाट १८९५ ते १९०४ या काळातील असून १९०१ मध्ये स्थापन झालेले युनायटेड स्टेट्स स्टील कॉर्पोरेशन हे तिचे ठळक अपत्य होय. दुसरी लाट १९२९ च्या शेअरबाजारातील कोसळीबरोबर संपली. पुढे १९६० च्या दशकात, १९८० च्या दशकात, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि २००३ ते २००७ या वर्षांत पुन्हा लाटा आल्या. यांपैकी बहुतेक लाटा शेअरबाजाराच्या तेजीबरोबर चढल्या आणि तेजीबरोबरच उतरल्या.

असे का व्हावे, याची तीन स्पष्टीकरणे प्रामुख्याने दिली जातात. मायकेल गोर्ट यांच्या मते (१९६९) युद्ध, नवे तंत्र किंवा नवा कायदा अशा एखाद्या धक्क्याने एकाच मालमत्तेच्या भावी उत्पन्नाविषयी निरनिराळ्या लोकांचे अंदाज एकमेकांपासून दूर जातात. जुन्या मालकाला जी गिरणी ओझे वाटते, तीच नव्या खरेदीदाराला संधी वाटते. धक्का साऱ्या उद्योगाला एकाच वेळी बसत असल्याने खरेदीविक्रीही एकाच वेळी होते. दुसरे स्पष्टीकरण जॅराड हार्फर्ड यांचे (२००५). नुसता धक्का पुरेसा नसतो. खरेदीसाठी पैसा मुबलक व स्वस्त असावा लागतो, असे ते सांगते. तिसरे स्पष्टीकरण आंद्रेई श्लायफर व रॉबर्ट विश्नी यांनी २००३ मध्ये मांडले. त्यानुसार तेजीत ज्या कंपन्यांच्या भागांचे भाव वाजवीपेक्षा फुगतात, त्या कंपन्या ते फुगलेले भाग चलनासारखे वापरून इतरांची खरीखुरी मालमत्ता पदरात पाडून घेतात.

या तिन्ही मतांची पारख करण्यास मुंबईच्या कापडगिरण्यांइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. ताडदेव, लालबाग, परळ, नायगाव, दादर, वरळी या दोनचार मैलांच्या टापूत एकच उद्योग शंभर वर्षांहून अधिक काळ एकवटलेला होता आणि त्याची मालकी पुनःपुन्हा बदलत गेली. ती कोणत्या वर्षांत बदलली आणि कोणत्या वर्षांत बदलू शकली नाही, हे पाहणे उद्‌बोधक आहे.

व्यवस्थापन अभिकरण पद्धती : कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील गिरण्याही बहुधा संयुक्त भांडवलाच्या होत्या. परंतु त्यांचा कारभार भागधारकांच्या हाती नसे. तो दीर्घ मुदतीच्या कराराने एखाद्या पेढीकडे सोपविलेला असे. या पेढीला व्यवस्थापन अभिकर्ता म्हणत. तिला प्रथम उत्पादनावर किंवा विक्रीवर आणि पुढे नफ्यावर दलाली मिळे. गिरणी तोट्यात असली तरी उत्पादनावरील दलाली चुकत नसे, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. हा करार म्हणजेच एक विकाऊ मालमत्ता असल्याने गिरणीचे भाग जेथल्या तेथे राहूनही तिचा धनी बदलू शके. त्यामुळे कंपन्यांच्या दफ्तरी नोंदलेल्या विलीनीकरणांवरून मुंबईतील मालकीच्या हालचालींचा पुरता अंदाज येत नाही. त्यासाठी अभिकर्त्यांची नावे कधी बदलली ते पाहावे लागते.

जमशेटजी टाटांनी १८६९ मध्ये चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलगिरणी घेऊन तिची अलेक्झांड्रा ही कापडगिरणी केली आणि दोनच वर्षांत ती केशवजी नाईक यांना नफ्याने विकली. १८८६ मध्ये त्यांनीच कुर्ल्याची धरमसी गिरणी घेऊन तिचे नाव स्वदेशी ठेवले. मात्र हे सुटे व्यवहार होते; त्यांना लाट म्हणता येणार नाही.

पहिली लाट व तिची किंमत : पहिल्या महायुद्धात लँकशरच्या कापडाची आयात घटली आणि मुंबईच्या गिरण्यांना अभूतपूर्व नफा झाला. १९१७ ते १९२२ च्या सुमारास लाभांश वाढले, भागांचे भाव चढले, नव्या कंपन्या निघाल्या आणि चालू गिरण्या त्या वर्षांच्या नफ्यावर बेतलेल्या किमतींना हस्तांतरित झाल्या. ई. डी. ससून पेढीने आपल्या देखरेखीखालील गिरण्यांची मिळून १९२० मध्ये ई. डी. ससून युनायटेड मिल्स ही एकच कंपनी केली. हाच काळ बँकांच्या एकत्रीकरणाचाही आहे. मुंबई, बंगाल व मद्रास या तीन इलाखा बँकांची मिळून जानेवारी १९२१ मध्ये इंपीरियल बँक ऑफ इंडिया झाली. या लाटेला गोर्ट यांचा धक्का, हार्फर्ड यांचा पैसा आणि श्लायफर-विश्नी यांचा फुगवटा अशी तिन्ही स्पष्टीकरणे एकदमच लागू पडतात.

फुगवटा फार दिवस टिकला नाही. जपानी मालाची स्पर्धा वाढली, अंतर्देशीय गिरण्या पुढे आल्या आणि १९२३ नंतर मुंबईच्या गिरण्यांना तोटा होऊ लागला. जकात मंडळाने १९२७ च्या आपल्या अहवालात मुंबईतील अनेक गिरण्यांच्या फाजील भांडवलीकरणावर बोट ठेवले. तेजीत चढ्या किमतीने घेतलेल्या गिरणीच्या हिशोबवहीत ती किंमत तशीच राहते. तिच्यावर परतावा काढायचा तर खर्च कमी करावा लागतो, आणि गिरणीत कमी करता येण्याजोगा खर्च म्हणजे बहुधा मजुरी. ससून गटाच्या गिरण्या सुसूत्रीकरणात, म्हणजे एका विणकराकडे अधिक माग व एका कातणाऱ्याकडे अधिक चात्या देण्यात, आघाडीवर होत्या. जानेवारी १९२८ मध्ये या गटाच्या गिरण्यांत याविरुद्ध संप सुरू झाले आणि एप्रिलपासून साऱ्या शहरातील सु. दीड लाख कामगारांचा सार्वत्रिक संप झाला. तो ऑक्टोबरपर्यंत चालला. गिरणी कामगार युनियनचा जन्म याच संपातला. १९२० सालचे एकत्रीकरण हे या संपाचे एकमेव कारण नव्हे. पण परळच्या विणकराच्या मागांची संख्या आणि फोर्टमधील पेढ्यांनी आठ वर्षांपूर्वी ठरविलेल्या किमती यांचा संबंध नव्हता, असेही म्हणता येणार नाही. संपाच्या इतिहासात हा दुवा सहसा दुर्लक्षित राहतो.

गरज असताना न आलेली लाट : १९३० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांना एकत्र येण्याची खरी निकड होती. शहरात ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या. त्यांतील कित्येक लहान, जुन्या यंत्रांच्या व एकाच प्रकारचे सूत काढणाऱ्या होत्या. इंग्लंडमध्ये अशाच परिस्थितीत बँक ऑफ इंग्लंडच्या पाठिंब्याने १९२९ मध्ये लँकशर कॉटन कॉर्पोरेशन स्थापन झाले होते. त्या धर्तीवर मुंबईतही अनेक गिरण्या एकत्र करण्याची योजना चर्चिली गेली. पण ती फलद्रूप झाली नाही. भाग पडलेले, बँका सावध आणि प्रत्येक अभिकर्त्याला आपल्या गिरणीचे मूल्य इतरांच्या गिरणीपेक्षा अधिक वाटत असलेले, अशी स्थिती होती. शिवाय अनेक गिरण्यांची एक कंपनी झाली, तर अनेक अभिकर्त्यांपैकी बहुतेकांची दलाली बंद होणार होती. तोट्यातल्या गिरणीवरही दलाली मिळत असताना ती सोडण्यास कोण राजी होणार?

सिमेंट उद्योगाचे याच दशकातील उदाहरण यासंदर्भात फार उपयोगी आहे. १९३६ मध्ये दहा कंपन्यांच्या विलीनीकरणाने असोसिएटेड सिमेंट कंपनीज (एसीसी) ही कंपनी मुंबईत स्थापन झाली. या योजनेचे शिल्पकार एफ. ई. दिनशा यांचे ती पूर्णत्वास जाण्यापूर्वीच त्या वर्षीच्या आरंभी निधन झाले. मंदीच्या छायेत सिमेंटला जे साधले, ते कापडाला का साधले नाही? सिमेंटच्या दहा कंपन्या टाटा, खटाव, किलिक निक्सन व दिनशा या चारच गटांच्या हाती होत्या. १९३० पासून सिमेंट मार्केटिंग कंपनीमार्फत त्यांची विक्री एकत्रच होत होती. आणि एका कारखान्याचे सिमेंट दुसऱ्याच्या सिमेंटपासून ओळखू येत नसल्याने कोणाचा वाटा किती, हे ठरविणे सोपे होते. धोतर, लुगडी, लांबकापड आणि सूत यांच्या शेकडो प्रकारांत गुंतलेल्या डझनावारी पेढ्यांना हे शक्य नव्हते. मंदीत विलीनीकरण अशक्य असते असे नाही; पण ते आधीपासून एका पंक्तीला बसलेल्या थोड्या लोकांतच जमते.

इतरांच्या वाट्याला आली ती नादारी. करीमभाई इब्राहिम हा मुंबईतील एक सर्वांत मोठा गिरणीसमूह १९३३ मध्ये कोसळला. परळची मोरारजी गोकुळदास ही १८७१ साली स्थापन झालेली जुनी गिरणी १९३४ मध्ये पिरामल घराण्याकडे गेली. अशा विक्रीला संपादन म्हणता येते, परंतु ती एकेकटी होते. घेणारे हातच थोडे असतात.

दुसरी लाट : दुसऱ्या महायुद्धाने पुन्हा नफा आणला, आणि या वेळी रोख पैसा प्रामुख्याने व्यापारी घराण्यांकडे साठला. दुसरीकडे परदेशी व परदेशाशी संबंध असलेल्या पेढ्यांना हिंदुस्थानातील सत्तांतराची चाहूल लागली होती. गोर्ट यांच्या सिद्धांताचे याहून नेमके उदाहरण देणे कठीण आहे. गिरणी तीच, चात्या त्याच. पण विकणाऱ्याचा भविष्याविषयीचा अंदाज आणि घेणाऱ्याचा अंदाज यांत युद्धकाळात मोठे अंतर पडले. ससून गटाच्या गिरण्या १९४३ मध्ये मारवाडी भांडवलदारांकडे जाऊन त्यांचे नाव इंडिया युनायटेड मिल्स झाले. दादरच्या समुद्रकाठची त्यांपैकी सहा क्रमांकाची गिरणी ‘इंदू मिल’ म्हणून आजही ओळखली जाते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नियोजित स्मारकामुळे हे नाव सर्वतोमुखी झाले आहे, पण त्यामागे एका कंपनीच्या विक्रीचा इतिहास आहे हे थोड्यांनाच ठाऊक असते. ससूनांचीच ठाण्याची रेमंड ही लोकरीची गिरणी १९४४ मध्ये सिंघानिया घराण्याने घेतली. वरळीची सेंचुरी गिरणी १९५१ मध्ये बिर्लांकडे आली.

या लाटेचा शेवट गाजला तो हरिदास मुंध्रा प्रकरणाने. भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडास, कलकत्त्याची जेसप, कानपूरचे ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन अशा कंपन्यांवर मुंध्रा यांनी पकड बसविली होती. त्यांच्या कंपन्यांचे भाग आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये खरेदी केले. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्या. छागला आयोगाचे काम मुंबईत उघडपणे चालले आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

कायद्याचा बांध व सरकारी एकत्रीकरण : त्यानंतरची वीसएक वर्षे खाजगी विलीनीकरणाच्या दृष्टीने शांत गेली. औद्योगिक परवाना पद्धतीत नवा परवाना मिळविणे हाच विस्ताराचा मार्ग होता. मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी व्यवहार अधिनियम (१९६९) अंमलात आल्यावर मोठ्या उद्योगगृहांना विलीनीकरणासाठी केंद्र शासनाची पूर्वसंमती घ्यावी लागू लागली. एप्रिल १९७० पासून व्यवस्थापन अभिकरण पद्धतीच रद्द झाली. कायदा लाट थोपवितो तसा तिला वळणही देतो. अमेरिकेत १९५० च्या कायद्याने एकाच धंद्यातील कंपन्यांच्या संयोगावर कडक नजर ठेवल्यामुळे १९६० च्या दशकातील लाट परस्परांशी संबंध नसलेल्या धंद्यांच्या एकत्रीकरणाकडे वळली. भारतात १९७७ मध्ये प्राप्तिकर अधिनियमात ‘७२ अ’ हे कलम घालून आजारी उद्योग सामावून घेणाऱ्या कंपनीला त्या उद्योगाचा साचलेला तोटा आपल्या नफ्यातून वजा करण्याची सवलत मिळाली. तेव्हापासून तोट्यातील कंपनी हीच काही खरेदीदारांच्या दृष्टीने आकर्षक मालमत्ता ठरली.

मात्र गिरणगावात १९३० साली जे पेढ्यांना साधले नव्हते, ते या काळात सरकारला करावे लागले. १९७४ च्या अधिनियमाने देशातील १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन त्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या. इंडिया युनायटेडच्या गिरण्या त्यांत होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सु. अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिक रीत्या कधीच मागे घेण्यात आला नाही. त्या संपाच्या काळात, १९८३ मध्ये, मुंबईतील आणखी १३ गिरण्यांचे व्यवस्थापन शासनाने हाती घेतले. कोहिनूर, टाटा, पोदार, फिनले, जाम यांसारख्या गिरण्या त्यांत होत्या. त्यांचे राष्ट्रीयीकरण १९९५ मध्ये झाले. मालकीच्या एकत्रीकरणाच्या दृष्टीने पाहता या दोन घटना मुंबईच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या विलीनीकरणांपैकी होत. पण त्या तेजीच्या नव्हेत, मोडतोडीच्या होत. तेजीत खाजगी खरेदीदार चांगली गिरणी निवडून घेतो. मंदीत उरलेल्या गिरण्या सरकारच्या पदरी येतात. एका महामंडळाखाली आलेल्या या गिरण्यांचे खऱ्या अर्थाने एकत्रीकरण, म्हणजे कोठे सूत कातावे, कोठे विणावे, कोठे रंगवावे याची फेरमांडणी, फारशी झाली नाही. यंत्रे जुनी ती जुनीच राहिली. माझ्या मते राष्ट्रीयीकरणाच्या अपयशाचे हे मुख्य कारण असून कामगारांच्या संख्येला दिला जाणारा दोष दुय्यम आहे.

१९९१ नंतर : सप्टेंबर १९९१ मध्ये मक्तेदारी अधिनियमातील पूर्वसंमतीची तरतूद रद्द झाली. बांध फुटल्यावर पाणी वाहावे, तशी विलीनीकरणे सुरू झाली. भांडवल बाजारही तेजीत होता. शिवडीत कारखाने असलेल्या दोन कंपन्यांचे उदाहरण बोलके आहे. ‘हमाम’, ‘मोती’, ‘५०१’ हे साबण काढणारी टाटा ऑइल मिल्स (टॉम्को) १९९३ मध्ये हिंदुस्थान लीव्हरमध्ये विलीन करण्याचे ठरले. टॉम्कोच्या पंधरा भागांना लीव्हरचे दोन भाग, असे विनिमयाचे प्रमाण होते. कामगार संघटनांनी विलीनीकरणास आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९९४ मध्ये ते फेटाळले. एकाच मालकाच्या दोन कारखान्यांत दोन प्रकारच्या सेवाशर्ती राहतील, ही कामगारांची एक तक्रार होती. भागांच्या विनिमयाचे प्रमाण ठरविण्यास तज्ज्ञ नेमले जातात, पण कामगारांच्या सेवाशर्तींचा विचार बहुधा न्यायालयाच्या दारातच सुरू होतो, हे या खटल्यातून दिसून आले.

याच काळात परदेशातील लाटांचे पडसादही वरळीपर्यंत पोहोचले. स्वित्झर्लंडमध्ये सँडोझ व सिबा-गायगी एक होऊन १९९६ मध्ये नोव्हार्टिस झाली आणि त्यांच्या भारतातील कंपन्यांना तोच मार्ग धरावा लागला. ग्लॅक्सो व स्मिथक्लाइन बीचॅम २००० मध्ये जागतिक पातळीवर एक झाल्या. त्यांच्या भारतीय औषध कंपन्यांचे विलीनीकरण २००१ मध्ये झाले. येथे भारतीय बाजारात कोणताच धक्का बसलेला नव्हता. निर्णय इतरत्र झाला होता.

गिरण्यांच्या बाबतीत मात्र एक निराळेच कारण पुढे आले. विकास नियंत्रण नियमावलीतील (१९९१) ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी ठराविक अटींवर विकसित करण्यास मुभा मिळाली. २००५ मध्ये वस्त्रोद्योग महामंडळाने दादरची कोहिनूर क्र. ३ ही गिरणी ४२१ कोटी रुपयांना आणि लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटी रुपयांना विकली. घेणाऱ्यांना मागांशी कर्तव्य नव्हते. त्या वर्षांतील स्वस्त कर्जे, चढता शेअरबाजार आणि मोकळा झालेला नियम या तिन्ही गोष्टी जुळून आल्याने गिरण्यांची विक्री पुन्हा एकदा लाटेसारखी झाली. परंतु तिच्या शेवटी उद्योगच उरला नाही.

सहकारी बँका : मंदीत येणाऱ्या सक्तीच्या लाटेचे अलीकडील उदाहरण नागरी सहकारी बँकांचे आहे. अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक २००१ मध्ये बुडाल्यावर रिझर्व्ह बँकेने २००५ मध्ये सहकारी बँकांच्या विलीनीकरणासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. गिरगावात १९१८ मध्ये पतसंस्था म्हणून सुरू झालेल्या सारस्वत बँकेने त्यानंतर मराठा मंदिर, मांडवी, नाशिक पीपल्स, कोल्हापूर मराठा इ. सात बँका सामावून घेतल्या. हे व्यवहार नफ्याच्या आशेने थोडे आणि ठेवीदार रस्त्यावर येऊ नयेत म्हणून अधिक झाले. पुढे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक २०१९ मध्ये अडचणीत आली. तिच्या ठेवीदारांना तोडगा निघण्यास जानेवारी २०२२ उजाडावा लागला. प्रभादेवीच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर १३ फेब्रुवारी २०२५ रोजी निर्बंध आले तेव्हा मात्र मार्ग लवकर निघाला आणि ४ ऑगस्ट २०२५ रोजी ती सारस्वत बँकेत विलीन झाली. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या या बँकेचे मूळ नाव बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक असे होते.